बिल अडकलंय कुठे? नव्या फ्रीलान्स डेव्हलपरसाठी पेमेंट वसुलीची वाट

‘सोमवारी नक्की करतो’ म्हणणारा प्रत्येक क्लायंट पैसे बुडवणारा नसतो. पण बिल पाठवून महिना उलटला की नव्या फ्रीलान्सरला दोनच शक्यता दिसतात: माणूस लबाड आहे, किंवा आपलं काम त्याला आवडलेलं नाही. मग तो एक तर चिडतो, नाहीतर संबंध बिघडतील म्हणून गप्प बसतो. दोन्हीने खात्यात काही जमा होत नाही. थकलेलं बिल बहुतेक वेळा कुठल्यातरी टेबलावर पडून असतं, आणि ते टेबल शोधणं हे वसुलीचं अर्धं काम आहे.

बिल अडकण्याच्या जागा साधारण चार. पहिली, ते अकाउंट्सपर्यंत पोचलेलंच नाही: तुम्ही पीडीएफ प्रोजेक्ट मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर टाकली, त्याने अंगठ्याचा इमोजी दिला आणि विसरला. दुसरी, अकाउंट्सकडे आहे पण ‘काम झालंय, पैसे सोडा’ असं कुणी लिहून दिलेलं नाही, किंवा पीओ नंबर (क्लायंटच्या खरेदी ऑर्डरचा क्रमांक) नाही, व्हेंडर फॉर्म अर्धवट आहे, कॅन्सल चेक जोडलेला नाही. तिसरी, तुमचा क्लायंट म्हणजे मधली एजन्सी आहे आणि तिच्या क्लायंटने तिला पैसे दिलेले नाहीत. चौथी, पैसे नाहीत किंवा द्यायचेच नाहीत. चौथीला जे औषध लागतं ते पहिलीवर वापरलं तर चांगला क्लायंट जातो. पहिलीचं औषध चौथीवर वापरत बसलं तर वर्ष जातं.

काम घेताना

दहा पानी करार लागत नाही. एक स्वच्छ ईमेल पुरतो, फक्त त्याखाली क्लायंटचं ‘मान्य’ असं उत्तर हवं. फोनवर ठरलं असेल तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ म्हणून मेल टाका. त्यात रक्कम, जीएसटी वेगळा की धरून, टप्पे, बिलानंतर किती दिवसांत पैसे, काम कोण तपासणार आणि किती दिवसांत, बदलांच्या किती फेऱ्या, आणि बिल कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, एवढं असू द्या. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण वर सांगितलेली पहिली अडचण तिथेच मिटते.

ॲडव्हान्स मागायला लाजू नका. छोट्या कामाला निम्मे आधी, निम्मे देताना, हे सरळ सांगावं. मोठ्या कामात टक्केवारीपेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: आज काम थांबलं तर माझे किती पैसे अडकतील? तो आकडा दोन-तीन आठवड्यांच्या कामापेक्षा मोठा होऊ देऊ नका. त्या हिशेबाने टप्पे पाडा. तीन महिन्यांचं काम आणि बिल शेवटी, असं कुणी म्हणत असेल तर तुम्ही त्याला बिनव्याजी, बिनतारण कर्ज देताय. ते परवडतं का ते आधी बघा.

टप्पे पाडताना एका जागी हमखास फसायला होतं. ‘उरलेले ४० टक्के गो-लाइव्हनंतर’ असं लिहिलेलं असतं. साइट तयार होते, पण क्लायंटचे फोटो येत नाहीत, ‘अबाउट अस’चा मजकूर येत नाही, डोमेनचा पासवर्ड जुन्या वेंडरकडे असतो. गो-लाइव्ह लांबतं आणि ४० टक्केही लांबतात, तेही तुमची काही चूक नसताना. टप्पा नेहमी तुमच्या हातातल्या गोष्टीला बांधा: ‘स्टेजिंगवर (चाचणीच्या साइटवर) काम दाखवल्यापासून सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम मान्य समजलं जाईल आणि बिल देय होईल.’ एजन्सीसोबत काम असेल तर आणखी एक वाक्य घाला: ‘आपल्या क्लायंटकडून रक्कम आली असो वा नसो, बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत.’ हे वाक्य काढायला सांगणारी एजन्सी आपला धोका तुमच्या अंगावर ढकलू पाहतेय. मग दर तसा लावा, नाहीतर काम सोडा.

आणि कॉपीराइट. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम हा ‘साहित्यकृती’मध्ये मोडतो. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनी असते. स्वतंत्र कंत्राटावर काम करणाऱ्या डेव्हलपरच्या कोडचा पहिला मालक सहसा तो स्वतः असतो, आणि मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी, सहीनिशी द्यावी लागते. म्हणून ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यावर कोडची मालकी क्लायंटकडे जाईल’ हे एक वाक्य मेलमध्ये असलं पाहिजे. क्लायंटने आपला छापील करार पुढे केला असेल तर त्यात नेमकं उलट, म्हणजे कोड लिहिताक्षणी त्यांचा, असं असण्याची शक्यता भरपूर. सही करण्याआधी ते कलम शोधा.

बिल पाठवताना

बिलावर नाव, पॅन, बँकेचा तपशील, देय तारीख (‘३० दिवस’ असं नाही, सरळ तारीख), पीओ नंबर आणि कोणत्या टप्प्याचं बिल ते लिहा. जीएसटी नोंदणी असेल तर दोघांचे जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक). उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर तो नंबरही. तो का, ते पुढे येतंच.

कमी पैसे आले म्हणून भांडण्याआधी टीडीएसचा, म्हणजे क्लायंटने आधीच कापून घेतलेल्या प्राप्तिकराचा, हिशेब बघा. समजा बिल १,००,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. क्लायंटने व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर, म्हणजे १०,०००. खात्यात १,०८,००० येतील आणि ते बरोबरच आहेत. तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के कापणारेही असतात. कापलेली रक्कम तुमच्या नावावर जमा झाली का, ते प्राप्तिकर पोर्टलवर २६एएस किंवा एआयएस या तुमच्या करनोंदींच्या पत्रकांत दिसतं.

या २६एएसचा दुसरा उपयोग फार थोड्यांच्या लक्षात येतो. टीडीएस पैसे देताना किंवा खात्यात नोंद करताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे क्लायंटने तुम्हाला छदामही दिलेला नसताना तुमच्या बिलावरचा टीडीएस तिथे दिसत असेल, तर त्याने स्वतःच्या हिशेबात बिल मान्य केलंय. उद्या तो ‘काम नीटच झालं नव्हतं’ म्हणायला लागला, तर हा कागद तुमच्या बाजूने बोलतो. तिमाहीचं रिटर्न भरल्यावर नोंद दिसते, त्यामुळे अधूनमधून डोकावत राहा.

जीएसटीवाल्यांचं दुखणं वेगळं. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि त्यानंतर कर बिलाप्रमाणे भरायचा असतो, पैसे आले की नाही याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. क्लायंटने थकवलं तरी वरच्या उदाहरणातले जीएसटीचे १८,००० पुढच्या महिन्यात तुमच्या खिशातून जातात, आणि बिल पुढे बुडीत निघालं तरी तेवढ्या कारणाने ते परत मिळत नाहीत. म्हणून ॲडव्हान्स मागताना आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवा, पैसे आले की टॅक्स इनव्हॉइस (पक्कं बिल) काढा. काम करून झालेल्या टप्प्याचं बिल मात्र असं लांबवता येत नाही, त्याला कायद्याची मुदत आहे. तिथे सीएचं ऐका.

तारीख उलटल्यावर

खरं तर सुरुवात तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच करा. अकाउंट्सला दोन ओळी: ‘बिल क्र. १२, देय १० तारीख. प्रोसेसमध्ये आहे ना? काही कागद कमी असेल तर आजच पाठवतो.’ यात तगादा नाही, आणि पहिल्या दोन अडचणी इथेच सुटतात.

तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी मेल करा, त्याच जुन्या मेलच्या साखळीत, बिल पुन्हा जोडून. माफीचा सूर नको. ‘त्रास देतोय, सॉरी’ हे वाक्य आपल्याकडे सवयीने येतं, ते काढा. तीन-चार दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन, आणि फोनवर ‘पैसे कधी येणार?’ विचारू नका, कारण त्याचं उत्तर ‘सोमवारी’ हेच असतं. विचारायचं ते असं: बिल आत्ता कोणाकडे आहे? कोणाची मंजुरी बाकी आहे? तुमचं पेमेंट कोणत्या दिवशी निघतं? बऱ्याच कंपन्या महिन्यातून ठरलेल्या एक-दोन दिवशीच पेमेंट सोडतात. मंजुरी त्याच्या आदल्या दिवशी झाली नाही की बिल आपोआप पुढच्या फेरीत जातं. तो दिवस कळला की तुमचा फोन कधी करायचा तेही कळतं.

अकाउंट्समधल्या माणसाशी गोड राहा. उशीर त्याने केलेला नसतो आणि दहा बिलांतलं कुठलं वर ठेवायचं हे बऱ्याचदा त्याच्याच हातात असतं. ‘साहेब बाहेरगावी आहेत’ ऐकलं तर ‘त्यांच्याऐवजी मंजुरी कोण देतं?’ असं विचारा. ‘मार्च एंड चाललंय’ हे मात्र वसुलीच्या दृष्टीने चांगलं लक्षण आहे. त्याचं कारण खाली येतं.

प्रत्येक फोननंतर मेल, न चुकता: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे बिल क्र. १२ चे ८०,००० रुपये १५ तारखेला जमा होतील. बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की देणं लेखी कबूल झालं. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत क्लायंटने सहीनिशी लेखी देणं कबूल केलं तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. व्हॉट्सॲपवरच सगळं चालत असेल तर चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फोन बदलताना पुरावे जातात.

वीस-पंचवीस दिवस झाले, दोन वायदे मोडले, की काम थांबवा. धमकी म्हणून नको, नोटीस म्हणून: ‘बिल क्र. १२ जमा होईपर्यंत पुढच्या टप्प्याचं काम २० तारखेपासून थांबवत आहे. रक्कम आली की दोन दिवसांत पुन्हा सुरू करतो.’ नवे लोक इथेच कच खातात. ‘एवढं फीचर करून दे, मग सगळं एकदम देतो’ यावर विश्वास ठेवून थकबाकी दुप्पट करून घेतात. ज्याला चालू काम अडल्यावर फरक पडतो तोच पैसे सोडतो, आणि काम संपल्यावर अडवायला हातात काहीच उरत नाही.

यातूनच पुढचा प्रश्न येतो: साइट बंद करून टाकली तर? मोह होतो, पण करू नका. क्लायंटच्या सर्व्हरवर जाऊन फाइली उडवणं, पासवर्ड बदलणं, कोडमध्ये साइट बंद पाडणारा, आधीच लपवलेला ‘किल स्विच’ चालू करणं, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसू शकतं. अशाने पैसे मागणारे तुम्ही आरोपी होता. योग्य रस्ता म्हणजे पैसे येईपर्यंत काम मुळात हातचं सोडायचंच नाही: डेमो तुमच्या स्टेजिंगवर, रिपॉझिटरी तुमच्या खात्यात, प्रॉडक्शनला चढवणं शेवटचा हप्ता आल्यावर. हेही आधीच मेलमध्ये लिहिलेलं हवं. लिंक्डइनवर नाव घेऊन बोंब मारण्याचंही तसंच. बदनामीची नोटीस यायला वेळ लागत नाही, आणि पुढचे क्लायंटही ती पोस्ट वाचतात.

कायद्याचा दंडुका: उद्यम

फ्रीलान्सरकडे सगळ्यात धारदार हत्यार कुठलं असेल तर ते सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६. आश्चर्य म्हणजे बरेच डेव्हलपर ‘आपण कुठले उद्योग?’ म्हणून तिकडे फिरकत नाहीत. एकट्याने घरून कोड लिहिणारा माणूसही प्रोप्रायटर म्हणून सेवा देणारा सूक्ष्म उद्योग ठरतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फुकट होते, संगणक प्रोग्रामिंगसाठी एनआयसी या सरकारी उद्योग-वर्गीकरणातला ६२ हा गट निवडायचा. सरकारीसारखी दिसणारी आणि फी मागणारी संकेतस्थळं एजंटांची असतात.

नोंदणी आजच करा, क्लायंटने थकवल्यावर नको. काम झाल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांना हे संरक्षण लावता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत घेतली आहे. पुढे यावर वेगळे सूरही निघालेत, पण तुमचं बिल त्या वादात कशाला अडकवायचं?

आता मिळतं काय ते पाहा. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. ‘९० दिवस क्रेडिट’ असं करारात लिहिलं तरी चालत नाही. करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. सेवा दिल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं मानलं जातं, म्हणजे दोन महिन्यांनी ‘क्वालिटी बरोबर नव्हती’ म्हणायची सोय उरत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक दर ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के, १,००,००० वर वर्षाचं साधारण १७,८००.

व्याजापेक्षा क्लायंटच्या सीएला दोन-तीन गोष्टी जास्त टोचतात. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं ही मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलं, तर त्या वर्षाच्या उत्पन्नातून तो खर्च वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. २०२३ च्या वित्त कायद्याने ही तरतूद आणली, जुन्या प्राप्तिकर कायद्यात तिला सगळे ‘४३बी एच’ म्हणून ओळखतात. कंपनी असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांची ४५ दिवसांवरची थकबाकी तिला दर सहामाहीला कंपनी निबंधकाकडे ‘एमएसएमई-१’ फॉर्ममध्ये कळवावी लागते. आणि जीएसटीत, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत तुम्हाला पैसे दिले नाहीत तर क्लायंटला त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (बिलातल्या जीएसटीची वजावट) व्याजासह उलटवावं लागतं. फेब्रुवारीत अकाउंट्सला एक शांत मेल पाठवा: उद्यम प्रमाणपत्र जोडा, ४५ दिवस कधी उलटले ती तारीख लिहा, आणि ‘वर्षअखेरीच्या हिशेबासाठी कळवत आहे’ एवढंच म्हणा. वकिलाच्या नोटिशीआधी हे करून बघाच.

तरीही हलले नाहीत तर याच कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज. ‘समाधान’ हे ऑनलाइन पोर्टल २०१७ पासून त्यासाठी आहे, आणि २०२५ मध्ये ऑनलाइन तंटा निवारणाचं नवं पोर्टलही सुरू झालं. बिलं, पीओ किंवा ‘मान्य’चा मेल, पाठपुराव्याचे मेल जोडायचे. कायद्याने अधिकारक्षेत्र पुरवठादाराच्या जागेवर ठरतं: तुम्ही नाशिकला आणि क्लायंट गुरुग्रामला असला, तरी अर्ज तुमच्या भागाच्या परिषदेकडे. आधी समेटाचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि क्लायंटला तो रद्द करून घ्यायला कोर्टात जायचं असेल, तर त्याला आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. बऱ्याच जणांची हौस इथे फिटते.

बाकीचे रस्ते

वकिलाची नोटीस पोचपावतीसह पाठवा. दोन पानांची, आकडे आणि तारखांची, शिव्याशाप नसलेली. गावातल्या छोट्या क्लायंटकडून पुढच्या तारखेचा चेक घेण्याची पद्धत अजून आहे आणि ती वाईट नाही. चेक परतला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी, त्याला द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली तक्रार. या तारखा चुकल्या की प्रकरण हातचं जातं. चेक नसेल आणि नुसतं पेमेंट थकलं असेल तर पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकावं लागतं, आणि सहसा ते खरंच असतं. लेखी करारावर दिवाणी न्यायालयात संक्षिप्त दावा करता येतो; व्यावसायिक वाद तीन लाखांवरचा असेल तर तातडीचा आदेश मागायचा नसल्यास आधी मध्यस्थी सक्तीची. ‘एनसीएलटीत खेचतो’ अशी धमकी देऊ नका, कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या त्या न्यायाधिकरणात किमान थकबाकी एक कोटी लागते आणि समोरच्याच्या वकिलाला ते ठाऊक असतं.

परदेशी क्लायंटवर यातलं फारसं काही चालत नाही. डेन्व्हरमधल्या स्टार्टअपने ९०० डॉलर बुडवले तर पुण्यातून खटला कोण लढणार? तिथे एकच नियम: पैसे आधी. अपवर्कसारख्या फ्रीलान्स संकेतस्थळावर फिक्स्ड प्राइस कामात टप्प्याची रक्कम एस्क्रोमध्ये (संकेतस्थळाकडच्या राखीव खात्यात) भरल्याचं दिसल्याशिवाय एडिटर उघडू नका. काम रीतसर ‘सबमिट’ केलं तर १४ दिवसांत क्लायंट काहीच बोलला नाही तरी रक्कम सुटते, नुसती चॅटमध्ये लिंक टाकली तर नाही. थेट क्लायंट असेल तर दर पंधरवड्याचं आगाऊ बिल. स्विफ्टचे (परदेशातून बँकेमार्फत पैसे येतानाचे) मधल्या बँकांचे चार्जेस कोण सोसणार तेही लिहा, नाहीतर प्रत्येक वेळी २०-३० डॉलर कमीच येतील. परदेशात राहून फ्रीलान्सिंग करणाऱ्या मराठी मंडळींनी तिथला कायदा बघावा: ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने उशिरावर बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ८ टक्के जास्त व्याज मागता येतं, न्यूयॉर्क राज्यात ऑगस्ट २०२४ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे आणि वेगळी तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

शेवटी तडजोडीचं. ८०,००० च्या जागी ‘५५ घ्या आणि मिटवा’ असा प्रस्ताव येतो तेव्हा अपमान बाजूला ठेवून हिशेब करा: उरलेल्या २५ साठी किती महिने, किती वकील फी? घ्यायचे ठरवलेत तर आधी पैसे, मग ‘पूर्ण आणि अंतिम’ अशी पोच. उलट क्रमाने कधीच नाही. हप्त्याने देत असेल तर प्रत्येक हप्त्याची तारीख लिहून घ्या आणि एक जरी चुकला तरी मूळ पूर्ण रक्कम व्याजासह देय होईल, ही ओळ त्यात असू द्या. पोच देताना ती फक्त त्याच बिलापुरती लिहा, बिलाचा नंबर घालून. ‘आपल्यात आता काहीही देणं नाही’ असं मोघम लिहिलंत तर शेजारचं दुसरं थकलेलं बिलही त्यात वाहून जाईल.